पाच लाख डॉलरचा जीर्णोद्धार

माझा मोठा आतेभाऊ लॉस एंजेलिसजवळ राहतो. २००६ साली त्याने एक जुनी पोर्शे ९११ घेतली. १९९१ची, म्हणजे पोर्शेवाले ज्या पिढीला कारखान्याच्या आतल्या क्रमांकाने ‘९६४’ म्हणतात, त्यातली. तेव्हा ही पिढी बाजारात उपेक्षित होती. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ती फार नवी वाटायची आणि नव्यांच्या शौकिनांना फार जुनी. दादाला परवडली, त्याने घेतली आणि इतकी वर्षं चालवली. त्याच्या मुलीचा पाय क्लचवर बसला तो याच गाडीत.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. इंजिनातून तेल गळतंय, बंपरवरचा रंग सोलला गेलाय, आणि हाताशी पैसे आहेत, कारण त्याने कंपनीतला आपला वाटा विकलाय. अशा गाड्या पार उघडून नव्याने घडवून देणारा एक कारखाना त्याने पाहून ठेवला होता. खर्च पाच लाख डॉलरच्या वर, आपल्या हिशेबात चार कोटींहून जास्त. गाडी त्याचीच द्यायची, ती वेगळी. “तू या धंद्यात आहेस. सरळ सांग, एवढे पैसे घालण्यासारखं आहे का?”

मी उमेदीची वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या पत्र्याच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे, बनवण्यात घालवली. तरी फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, विचारलं, आणि मत पक्कं झालं. हाताच्या कामाची मजुरी म्हणून हे पैसे वाजवी आहेत. वारसा म्हणून किंवा गुंतवणूक म्हणून ते वाजवी नाहीत. आणि धडधाकट, मूळ अवस्थेतली गाडी या कामासाठी कुणीही देऊ नये, खिसा कितीही मोठा असला तरी.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव सिंगर. रॉब डिकिन्सन हा इंग्रज माणूस मोटारींचं डिझाइन शिकला, काही काळ लोटस या इंग्लिश मोटार कंपनीत होता, मग ‘कॅथरीन व्हील’ नावाच्या बँडचा गायक झाला आणि २००९ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात सिंगर व्हेइकल डिझाइन ही कंपनी काढली. नावात त्याचं गाणं आहे, तसंच पोर्शेच्या रेसिंग गाड्या घडवणारे अभियंते नॉर्बर्ट सिंगर यांना केलेला नमस्कारही आहे. ग्राहकाने आपली ९६४ आणायची. ती उघड्या सांगाड्यापर्यंत सोलतात, सांगाड्याला बळकटी देतात, बाहेरचं बहुतेक अंग कार्बन फायबरचं चढवतात. त्यांच्या पहिल्या मालिकेत मूळ ३.६ लिटरचं, २५० अश्वशक्तीचं इंजिन वाढवून चार लिटरपर्यंत आणि ३९० अश्वशक्तीपर्यंत नेलं. रूप मात्र साठ-सत्तरच्या दशकातल्या ९११चं दिलं. आत हाताने विणलेलं चामडं, निकेलचा मुलामा, एकेक स्क्रू मांडून बसवलेला. गाडीमागे हजारो तासांचं माणसांचं काम असतं. २०१८ साली त्यांनी फॉर्म्युला वन शर्यतींतल्या विल्यम्सच्या अभियांत्रिकी विभागासोबत याहून पुढची आवृत्ती दाखवली. तिच्या इंजिनासाठी सल्लागार होते हान्स मेत्सगर, म्हणजे ९११चं मूळ इंजिन ज्यांच्या हातून आकाराला आलं तेच. ५०० अश्वशक्ती, मिनिटाला ९००० फेरे, एकूण ७५ गाड्या आणि किंमत अठरा लाख डॉलरच्या घरात.

सिंगर एकटी नाही. इंग्लंडमधली ईगल ही कंपनी १९८४ पासून जग्वारच्या ई-टाइप गाड्यांवर हेच करते आहे. इटलीत किमेरा आहे, ती लान्चियाच्या जुन्या सांगाड्यांवर ०३७ या रॅली गाडीचं नवं रूप उभं करते. अशी कामं आता युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी चालतात.

आधी पैशांबद्दल, कारण ‘ही निव्वळ लूट आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते मान्य नाही. समोरच्या फेंडरचा, म्हणजे पुढच्या चाकावरचा, एक पत्रा घ्या. तो दाबून काढायला एक डाय पुरत नाही. ड्रॉ (पत्र्याला आकार देणारी), ट्रिम (कडा कापणारी), पिअर्स (भोकं पाडणारी), फ्लँज (कडा वळवणारी) अशा चार-पाच डाय एकामागून एक लागतात. हिशेबासाठी त्या संचाला पाच कोटी धरू. एक लाख गाड्या काढल्या तर एका गाडीच्या वाट्याला त्या पत्र्याचे पाचशे रुपये येतात. साडेचारशे गाड्या काढल्या तर तोच पत्रा एका गाडीला एक लाख अकरा हजारांना पडतो, आणि हा फक्त एका बाजूचा. म्हणून ही मंडळी डायच्या वाटेला जात नाहीत. कार्बन फायबरचा साचा त्यामानाने स्वस्त असतो, पण कापडाचा एकेक थर हाताने, धाग्याची दिशा सांभाळत बसवावा लागतो, मग दाबाखाली भट्टीत भाजावा लागतो, बाहेर काढून घासावा लागतो. यंत्राचे पैसे वाचतात आणि माणसाच्या तासांत जातात. हेच गणित गाडीतल्या शेकडो भागांना लावा. वर लॉस एंजेलिसमधली मजुरी, चाचण्या, वाया गेलेले भाग. चढं बिल आणि खोटं बिल यांत फरक असतो, आणि हे बिल खोटं नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी दोन पत्र्यांमधली फट सगळीकडे सारखी यावी म्हणून रात्रपाळी केली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही.

त्यामुळे दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी मनापासून होकारार्थी देतो. कुणी पैसे देऊन इतकं बारीक काम करवून घेतोय, त्यावर वेल्डर, चामड्याचे कारागीर, इंजिन बांधणारे यांची घरं चालतायत, तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. जगात याहून वाईट गोष्टींवर याहून जास्त पैसे उधळले जातात.

अडचण सुरू होते ती या कामाला दिलेल्या नावापासून. तिकडे याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. आपल्या भाषेत या एका शब्दासाठी चार शब्द आहेत आणि चारांचे अर्थ वेगळे आहेत: डागडुजी, जतन, जीर्णोद्धार आणि पुनर्बांधणी. यातला जीर्णोद्धार आपण गावोगावी पाहिला आहे. आमच्या गावच्या देवळाला लाकडी सभामंडप होता. सागवानी खांब, त्यांवर केळीच्या कमळांची नक्षी, दीडशे वर्षांच्या समईच्या काजळीने काळी झालेली तुळई. माझ्या लहानपणी गावाने वर्गणी काढली, मंडप उतरवला आणि सिमेंटचा बांधला, खाली ग्रॅनाइट घातला, वर रंगीत शिखर केलं. देव तोच, जागा तीच, दगडी गाभारा तोच. भक्तीने दिलेल्या पैशांबद्दल माझ्या मनात किंतू नाही, आणि नव्या मंडपात पावसात गळत नाही हेही खरं. पण ज्या सुताराने ते खांब तासले, त्याच्या पटाशीच्या खुणा आता कुठेही नाहीत. त्याचं नाव तर कुणालाच माहीत नव्हतं. खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

लाखो डॉलरच्या या गाड्यांत नेमकं हेच होतं. ९६४ ही एका विशिष्ट काळाची वस्तू आहे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिली ९११ आली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, असं प्यूजोने म्हटल्यावर ते बदलावं लागलं. पुढे पंचवीस वर्षं पोर्शेने ती गाडी मूळ आराखडा न सोडता सुधारत नेली. १९८९च्या ९६४मध्ये चाकांचे धक्के झेलणाऱ्या टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या सळ्या, जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, एबीएस आलं, पॉवर स्टिअरिंग आलं, चारही चाकांना ताकद देणारी कॅरेरा ४ आली. हे सगळं करताना मागचं, हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन त्यांनी जागचं हलवलं नाही. कंपनी तेव्हा पैशांच्या अडचणीत शिरत होती आणि तिचे अभियंते जुन्या देहात नवं शास्त्र बसवायला धडपडत होते. ती धडपड त्या गाडीच्या जाड, गोलसर बंपरांत दिसते. ते बंपर कुणाला आवडत नाहीत. तिला साठच्या दशकातलं सडपातळ रूप दिलं की पहिल्यांदा जातात ते हेच बंपर, आणि त्यांच्यासोबत १९८९ साल जातं. उरते ती १९६९ची आठवण, आजच्या हातांनी घडवलेली. ती सुंदर असते, हे मी नाकारत नाही.

दोषांचंही तसंच. सुरुवातीच्या ९६४ इंजिनांत सिलिंडर आणि हेड यांच्या सांध्यात गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, नव्हतं, तिथून तेल झिरपायचं. सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या दोन डिस्ट्रिब्यूटरना जोडणारा छोटा पट्टा तुटायचा. हे दुरुस्त करण्याचे दोष आहेत आणि ते खुशाल करावेत. पण वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय दचकून उचलला तर मागचं वजन बाहेर फेकलं जातं, हा त्या गाडीचा स्वभाव आहे. चालवणाऱ्याने तिच्याकडून शिकायचं असतं. माझ्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगला गिअर असलेली. नव्वदच्या दशकात त्यांनी ती हौसेने नवी करून घेतली, गिअर खाली जमिनीवर आणला, गुबगुबीत सीट बसवल्या. गाडी खरंच सोपी झाली. पण काकांचा डावा हात पुढे कितीतरी महिने स्टिअरिंगच्या मागे गिअर शोधायचा, आणि पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसायची आमची पद्धत संपली.

आता कायद्याकडे वळतो, कारण या व्यवहाराचं खरं स्वरूप तिथे उघडं पडतं. सिंगर फार काळजीपूर्वक सांगते की आम्ही गाड्या बनवत नाही आणि विकतही नाही, मालकाने आणलेली गाडी मालकाच्या सांगण्यावरून दुरुस्त करतो. पोर्शेशी आमचा संबंध नाही, हेही ती सांगते. पहिलं कारण नावाचं आणि चिन्हाच्या हक्काचं. दुसरं कारण नोंदणीचं. नवी गाडी म्हणून विकायची तर अपघाताच्या आणि धुराच्या चाचण्या पार कराव्या लागतील, आणि हातावर मोजण्याइतक्या गाड्या करणाऱ्याला ते झेपणार नाही. जुना चॅसी नंबर शाबूत असला की कागदावर ती १९९१चीच गाडी राहते.

त्या नंबराची ताकद किती ते पोर्शेच्या स्वतःच्या उदाहरणावरून कळतं. २०१८ साली पोर्शेच्या क्लासिक विभागाने ‘प्रोजेक्ट गोल्ड’ नावाची गाडी बांधली. ९९३ टर्बोचा, म्हणजे ९६४च्या पुढच्या पिढीतल्या ९११चा, अस्सल, कारखान्यातच उरलेला सांगाडा, अस्सल पोर्शेचे सुटे भाग, बांधणारे हातही पोर्शेचे. ऑक्टोबरमध्ये ॲटलांटात ती सत्तावीस लाख युरोंना लिलावात गेली आणि पैसे धर्मादाय कामाला दिले. पण तिला नवा चॅसी नंबर मिळाला होता, त्यामुळे ती रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त खासगी ट्रॅकवर. म्हणजे अथपासून इतिपर्यंत पोर्शे असलेल्या गाडीला रस्ता बंद आणि बहुतेक अंग बदललेल्या गाडीला खुला. दादा ज्यासाठी पाच लाख मोजायला निघाला होता, त्यातला एक मोठा भाग त्याच्याकडे आधीच होता: त्याचा चॅसी नंबर.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये या प्रश्नाचा एक खटला ऐकला. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचं इंजिन बदललं, चॅसी बदलली, ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तिच्या अपघातात चालक गेला, नंतर तिच्यावर कूपेची, म्हणजे बंद छपराची, बॉडी चढली, मग पुन्हा जुन्या रूपात आणली गेली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ती तीच आहे, कारण तिचं आयुष्य कुठेही तुटलेलं नाही. एकेक बदल होत गेला, पण ती सलग एकच गाडी म्हणून जगत राहिली.

या निकालाचा आधार घेऊन नव्याने घडवलेल्या गाड्यांचे चाहते म्हणतात, मग आमचीही तीच. मला हे पटत नाही. बेंटलेवरचे बदल तिच्या शर्यतींनी, अपघातांनी, मालकांच्या गरजांनी तिच्यावर आणले. तो तिच्या आयुष्याचाच भाग होता. एका गाडीला एका दिवशी आत नेऊन सगळं एकदम उतरवायचं आणि तिचं नव्हतंच असं रूप तिला द्यायचं, यात सलगता कुठे राहते? इथे आयुष्य मुद्दाम थांबवून दुसरं सुरू केलं जातं.

जाणकारांचा कलही बदलतो आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात अनेक दशकं पहिला मान मिळायचा तो आरशासारख्या चकचकीत केलेल्या गाड्यांना. २०२४ साली तो मान १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला मिळाला. ग्राँ प्री शर्यती धावलेली ही गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली, आणि तिच्यावरचा रंग, चामडं, भेगा सगळं जसंच्या तसं आहे. जतन केलेल्या वर्गातल्या गाडीला तिथला सर्वोच्च मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. मला तो निकाल वाचून मनापासून आनंद झाला.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, याबाबत एक सनदच केली आहे, ट्यूरिन सनद. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तिचाच विचार इथे मोटारींना लावला आहे. तीस वर्षांहून जुनी आणि इतिहासाला धरून राखलेली गाडी ती ऐतिहासिक, असं फिव्हा मानते. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवली तर ती ऐतिहासिक राहत नाही, असंही तिने २०१९ मध्ये सांगितलं. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, त्यांचाही रोख हाच आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तरच ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. या व्याख्येत कार्बन फायबरची ९११ कधीच बसणार नाही, पन्नास काय, शंभर वर्षं झाली तरी.

याविरुद्ध एक मुद्दा मला बराच काळ अडवून होता. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५ साली अमेरिकेतून ड्यूझनबर्गची चॅसी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर स्वतःच्या पसंतीची बॉडी बांधून घेतली. त्या काळच्या संस्थानिकांची ती रीतच होती. आज ती गाडी जगातल्या अत्यंत मौल्यवान गाड्यांपैकी एक आहे. होळकरांची हौस वारसा ठरली, मग कॅलिफोर्नियातल्या एखाद्या उद्योजकाची हौस ऐंशी वर्षांनी वारसा का ठरू नये? ठरू शकते, आणि काही गाड्या ठरतीलही. फरक इतकाच की होळकरांची बॉडी चढली ती कोऱ्या चॅसीवर. तिच्याखाली आधीची कुठली गाडी गाडली गेली नाही. आज दरवेळी एक जुनी गाडी संपते, तेव्हा कुठे एक नवी उभी राहते.

यावर सांगतात की ९६४ काही दुर्मीळ नाही, पोर्शेने साठ हजारांहून जास्त काढल्या. हे खरं आहे आणि मी ते मान्य करतो. अपघातात पिचलेली, जळालेली, आधीच कुणी कापून-जोडून ठेवलेली गाडी या कामाला गेली तर तिचं भलंच होतं. पण शाबूत गाड्यांची संख्या दरवर्षी घटतेच, वाढत कधीच नाही. शिवाय या कारखान्यांच्या मागणीने सगळ्या ९६४चे भाव वर ओढले. २००६ साली दादाला पगारातून घेता आली तशी गाडी आज त्याच पगाराच्या तरुणाला घेता येणार नाही. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ज्याच्याकडे रविवार आहेत आणि पाने-पक्कड आहेत पण डॉलर नाहीत, अशा माणसाच्या हातून ही गाडी निसटली.

गुंतवणुकीचा मुद्दा लवकर संपवतो. सिंगरच्या काही गाड्या दहा लाख डॉलरच्या वर पुन्हा विकल्या गेल्या, हे आकडे दादाला कुणीतरी दाखवले होते. पण भाव कशावर उभा आहे ते पाहावं. १९६२ची फेरारी २५० जीटीओ २०१८ साली मॉन्टरेच्या लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेली, कारण त्या तीन डझन बनल्या आणि त्यांनी गाजवलेल्या शर्यती पुन्हा होणार नाहीत. घडवून घेतलेल्या गाडीचा भाव एका कारखान्याच्या नावावर आणि त्याच्या दाराशी असलेल्या रांगेवर उभा असतो. रांग हलली की भावही हलतो. त्याच कारखान्याने याहून ताकदवान, याहून हलकी पुढची आवृत्ती काढली की आधीची मागे पडते, आणि अशा आवृत्त्या येतच राहतात. इलेक्ट्रिक मोटर बसवलेल्या जुन्या गाड्यांना हे दुप्पट लागू आहे, कारण बॅटरीचं तंत्र लवकर जुनाट होतं.

आणि सुट्या भागांचं काय? मूळ ९६४ बिघडली तर तिचे हजारो भाग पोर्शे आजही पुरवते, आणि हवेने थंड होणारी इंजिनं उघडणारे मेकॅनिक जर्मनीपासून जपानपर्यंत भेटतात. घडवून घेतलेल्या गाडीचा एक हवेचा नळ चिरला, एक कार्बनचा फेंडर दुमडला, तर तो जगात एकाच दाराशी मिळतो. ते दार वीस वर्षांनी उघडं असेल याची हमी कुणी देत नाही. पोर्शेची हमी नाही, कारण हात लावला तेव्हाच तिचा संबंध संपला. धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा एकच मुद्दा नाही म्हणायला पुरे वाटतो.

तरीही घ्यायचीच असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. आधीच कुणीतरी घडवून घेतलेली दुसऱ्या हाताची घ्या. तिच्यापायी आणखी एक जुनी गाडी संपणार नाही, दोन-तीन वर्षं वाट पाहावी लागणार नाही, आणि पहिल्या मालकाने सुरुवातीचे दोष काढून टाकलेले असतील. ती आच्छादनाखाली ठेवू नका. आठवड्यातून दोनदा घाटात न्या, पावसात न्या, टायर झिजू द्या. त्या कारागिरांनी हजारो तास दिले ते चालवण्यासाठी. पडद्याआड ठेवलेली मूळ गाडी निदान काहीतरी सांभाळत असते. पडद्याआड ठेवलेली नवी घडवलेली गाडी काहीच सांभाळत नाही.

दादाला मी हे सगळं तीन-चार फोनमध्ये तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तो लगेच पटवून घेणाऱ्यांतला नाही. “अरे, पण ती एकदा बघ तरी,” असं म्हणत तो फोटो पाठवत राहिला आणि ते फोटो पाहताना माझंही मन दोनदा डळमळलं, हे लपवत नाही. शेवटी त्याने घराजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे इंजिन उतरवायला दिलं. हेडचे सांधे नवे, डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा नवा, क्लच नवा. सगळं मिळून चाळीस हजार डॉलरच्या आत बसेल असा अंदाज आहे. बंपरचा रंग काढायचा ठरलाय. बॉनेटवर मात्र कारखान्यातलाच मूळ रंग आहे. त्याला हात लावण्याआधी नुसतं पॉलिश करून पाहा, असं मी त्याला सांगितलंय.